साइटवरचे सहा महिने, नऊ आकडे आणि तीन चुली

साइटवरची | रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव कऱ्हाडजवळ. जानेवारी ते जून पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका निवासी प्रकल्पावर इंटर्नशिप केली. आता कॉलेजला अहवाल द्यायचाय, विषय 'नेतृत्व आणि व्यावसायिक नीतिमत्ता : अनुभवातून शिकलेले धडे', गुण २०. तो लिहून झाला. छान झालाय. त्यात 'टीमवर्क' अकरा वेळा आलंय. त्यात जे घालता आलं नाही ते इथं लिहिते.

फेब्रुवारीत बी विंगच्या तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा एक भाग भरला. एम-२५ (म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन/चौ.मिमी ताकद हवी असं काँक्रीट), २८ घनमीटर, पाच गाड्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, एका नमुन्याला तीन क्यूब (मशीनमध्ये दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ. ते नऊही मीच भरले. दुसऱ्या दिवशी साचे खोलून लाल ऑइलपेंटने तारीख, ग्रेड आणि 'बी विंग ३' असं लिहिलं नि पाण्याच्या टाकीत ठेवले. पहिल्यांदाच काहीतरी 'माझं' होतं. रोज जाता-येता टाकीत डोकावायचे, कोंबडीनं अंडी घातल्यासारखी.

२८ वा दिवस आला तेव्हा आमचे क्यूसीवाले (क्वालिटी कंट्रोलचे) दादा शिमग्याला गावी, रत्नागिरीकडे. मी टाकीशी गेले तर टाकी फुटून गळालेली, कोरडी, आणि क्यूब गायब. सीनियर सरांना सांगितलं. ते फोनवर होते. फोन न ठेवताच म्हणाले, "असतील गं कुठंतरी. आज बिलाला रिपोर्ट जोडायचाय. लिही ३१-३२ च्या आसपास. सगळे सारखे नको, जरा वरखाली ठेव."

मी लिहिलं.

कसं लिहिलं तेही सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. क्यूबचं माप १५० गुणिले १५० मिमी, क्षेत्रफळ २२,५०० चौ.मिमी. मशीन किलोन्यूटनमध्ये भार दाखवतं, त्याला क्षेत्रफळानं भागलं की ताकद. मी उलटं केलं. ३१.१ हवेत तर भार ७००. ३१.८ साठी ७१५. ३०.८ साठी ६९२. वजनाचा रकाना होता, तिथं ८.२०, ८.३४, ८.२६ असं काहीबाही. एका नमुन्यातले तीन आकडे त्यांच्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब जाता कामा नयेत, तेही पाहिलं. खरे नऊ क्यूब फोडायला तासभर लागला असता. खोटे वीस मिनिटांत फोडले. अक्षर सुरेख आलं होतं.

एप्रिलमध्ये मुकादमाला बोलवायला लेबर कॅम्पात गेले. पत्र्याच्या खोल्यांपुढे बायकांनी चुली मांडल्या होत्या. एका चुलीच्या तीन दगडांपैकी एकावर काजळीतून लाल अक्षरं दिसली. माझं अक्षर. उलटं. मी मोजलं: तीन चुली, नऊ क्यूब. भात शिजत होता. तिथली बाई कौतुकानं म्हणाली, "मॅडम, बहुत अच्छा ईंट है, हिलता नहीं."

पुढचं थोडक्यात. सरांना दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हसण्यावारी गेलं. मी अकरा दिवस गप्प बसले. मग स्ट्रक्चरल कन्सल्टंटचे इंजिनीअर व्हिजिटला आले तेव्हा त्यांना सांगून टाकलं. रिबाउंड हॅमर झाला, अल्ट्रासोनिक झालं (दोन्ही काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या), शेवटी तीन कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले गोल तुकडे, काढले. कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५ च्या वर हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. सगळं व्यवस्थित पास झालं.

म्हणजे काँक्रीट मुळात चांगलंच होतं. सर म्हणाले, "बघ, उगाच स्लॅबला भोकं पाडलीस." जूनपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' आहे, माझ्याबरोबरच्या मुलाच्या 'उत्कृष्ट'.

आता सांगा. मी वेड्यासारखं केलं का?


चहा_बिस्किट | रात्री ९:२६

भात एम-२५ वर शिजलेला. खाणाऱ्याची हाडं मजबूत होणार.

धागा मस्त. पण यात नेतृत्व कुठाय? दहा गुण कापले.


निडल_व्हायब्रेटर | रात्री ९:५८

बारा वर्षं साइटवर आहे, त्यामुळे तुझ्या सरांची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून मांडतो.

रिपोर्ट नाही तर बिल नाही. बिल नाही तर ठेकेदाराचं पेमेंट नाही. पेमेंट नाही तर शनिवारी लेबरला खर्ची नाही, आणि खर्ची चुकली की सोमवारी निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर. हे सगळं त्या एका कागदावर अडलेलं असतं आणि तो कागद त्या दिवशी तुझ्या सरांच्या डोक्यावर होता. काँक्रीट चांगलं आहे हे त्यांना माहीत होतं. ७ दिवसांचे क्यूब फुटले असतील ना? त्यात १७-१८ आलं असेल तर २८ ला २५ च्या पुढे जाणार हे कुणीही सांगेल.

बरोबर केलं असं म्हणत नाही. मीही लिहिलेत असे आकडे, आणि या संस्थळावरच्या दहा जणांना खासगीत विचारलं तर सात-आठ हो म्हणतील. पण सरांना वगळून कन्सल्टंटकडे जाणं मला जड वाटलं. 'उद्यापर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते' एवढं तरी बोलायचं.


साइटवरची | रात्री १०:१४

दादा, हे पटलं. दोनदा सांगितलं असं मी वर लिहिलंय, पण दोन्ही वेळा मी 'सर, ते क्यूब चुलीत आहेत' एवढंच म्हणाले, तेही हसत. तिसऱ्यांदा गंभीरपणे सांगायचं धाडस नव्हतं. बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं वाटलं. विचित्र आहे, पण तसंच होतं.

७ दिवसांचे १८.६ आले होते.


जुना_ओव्हरसियर | रात्री १०:३१

मुली, मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढली. एकच प्रश्न. त्या रजिस्टरच्या पानाचं काय केलंस?


साइटवरची | रात्री १०:३५

काका, पान फाडून नवीन लिहू असं सर म्हणाले. मी फाडलं नाही. नऊही आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, 'चाचणी झालेली नाही, क्यूब गहाळ' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली.


जुना_ओव्हरसियर | रात्री १०:४४

मग झोप शांतपणे.

आमच्या मोजमाप पुस्तकाचा, एमबीचा, हाच नियम. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच, पानांना छापील नंबर असतात. चुकलं तर एक रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. माझे पहिले डेप्युटी इंजिनीअर म्हणायचे, तुझी चूक दिसली तरी चालेल, पण लपवलेली दिसली तर तुला कुणी वाचवू शकणार नाही. नोकरीत माझ्यावर दोन चौकश्या लागल्या. दोन्हींत त्या रेघांनीच वाचवलं.


टिक_मार्क | रात्री ११:०२

सिव्हिलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे वाचून पोटात गोळा आला, कारण माझी सीएची आर्टिकलशिप (ऑडिटची उमेदवारी) आठवली. (आता ती २ वर्षांची केलीय, आमच्या वेळी ३ होती. सुटलात पोरांनो.)

पहिलंच ३१ मार्च, स्टॉक मोजायला एका कंपनीच्या गोदामावर पाठवलं. दोन गोदामं होती. पहिलं मोजेपर्यंत संध्याकाळचे सात. दुसरं चाळीस किलोमीटरवर. तिथला स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, कशाला जाताय, शीट तयार आहे, सही करा, गाडीनं स्टेशनला सोडतो." आणि मी एकोणीस वर्षांचा, सकाळपासून दोन वडापाव खाल्लेला. सही केली. हिरव्या शाईनं टिकासुद्धा मारल्या प्रत्येक ओळीवर, मोजल्यासारख्या.

त्यात काही घोटाळा निघाला नाही. कुणाला कळलंही नाही. तुझ्या काँक्रीटसारखंच, माल बहुधा होताच तिथं.

पण पुढे सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण झालं. ७ जानेवारी २००९ ला खुद्द अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली बँकेतली हजारो कोटींची रोख मुळात नाहीच. तेव्हा ऑफिसात सगळे 'एवढी मोठी रक्कम ऑडिटरला दिसली कशी नाही' म्हणून चर्चा करत होते आणि मला ते दुसरं गोदाम दिसत होतं. बँकेकडून शिल्लक थेट मागवायची, क्लायंटच्या हातून आलेल्या कागदावर विसंबायचं नाही, हे आर्टिकलला पहिल्या महिन्यात शिकवतात. पण तो चाळीस किलोमीटरचा प्रवास कुणालाच नको असतो.

ताई, तू निदान चुलीपर्यंत गेलीस.


कोकणी_हापूस | रात्री ११:१०

शिमग्याला गावी गेलेल्या क्यूसीवाल्याला कुणी दोष देऊ नये. पालखी वर्षातून एकदाच येते. बाकी चालू द्या.


हॅमिल्टनकर | पहाटे ४:४०

इकडे संध्याकाळ आहे. उजव्या हाताच्या करंगळीत बोट आखडेल अशी एक साधी लोखंडी अंगठी घालून टाइप करतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

कॅनडात इंजिनीअरिंग संपताना एक विधी असतो, १९२५ पासून. त्यात ही अंगठी देतात, लिहिता हात असतो त्याच्या करंगळीत घालायची. ड्रॉइंगवर सही करताना ती कागदाला घासते. क्यूबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडापासून पहिल्या अंगठ्या केल्या असं सांगतात, ती दंतकथा आहे. पण तो पूल खरोखरच पडला होता आणि त्याची गोष्ट या धाग्याच्या नात्यातली आहे.

१९०७ साल. सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब कॅन्टिलिव्हर पूल उभा राहत होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर, मोठं नाव, वय झालेलं, न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहायचे. साइटवर त्यांचा माणूस म्हणून नॉर्मन मॅक्ल्युअर, कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम तीन वर्षं झालेला. त्या उन्हाळ्यात पुलाच्या सांगाड्यातल्या खालच्या, दाब सोसणाऱ्या भागांच्या पट्ट्या वाकलेल्या दिसायला लागल्या. साइटवरचे जुने लोक म्हणत होते, त्या कारखान्यातूनच वाकड्या आल्या असतील. मॅक्ल्युअर दोरी लावून मोजत राहिला. ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊण इंच असलेला बाक २७ तारखेला सव्वादोन इंच झाला होता. कारखान्यातून वाकडा आलेल्या लोखंडी भागाचा बाक पुलावर बसल्यावर वाढत नाही.

तो आकड्यांची वही घेऊन ट्रेननं न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला सकाळी कूपरसमोर उभा राहिला. कूपरना तत्काळ पटलं. पुलावर आणखी भार टाकू नका अशी तार त्यांनी केली, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या, पूल बांधणाऱ्या कंपनीला. क्यूबेकला काम चालूच राहिलं. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल नदीत गेला. ७५ कामगार मेले.

मी नेहमी विचार करतो, त्या पोरानं आकडे 'जरा वरखाली' लिहिले असते तर न्यूयॉर्कपर्यंत काहीच पोहोचलं नसतं. पोहोचले ते त्याचे खरे आकडे. पोहोचूनही उशीर झाला, हे वेगळं.


निडल_व्हायब्रेटर | सकाळी ७:२०

हॅमिल्टनकर, उत्तम लिहिलंत. पण तो पूल आणि २८ घनमीटरचा स्लॅब यांत फरक आहे हो.


खडकवासला_कट्टा | सकाळी ८:०५

फरक नाही असं मला वाटतं. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत पडली, ७४ माणसं गेली. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये इमारत कोसळली, १६ गेले. तिथंही प्रत्येक मजल्याचा स्लॅब असाच थोड्या थोड्या घनमीटरचा होता.


निडल_व्हायब्रेटर | सकाळी ८:१९

अशा निकृष्ट बांधकामांशी तुलना नको. या पोरीच्या साइटवर कन्सल्टंट होता, क्यूसी होता, सात दिवसांचे क्यूब फुटले होते. उगाच घाबरवू नका तिला.


लॅब_असिस्टंट | सकाळी ९:४५

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आयडी जुनं आहे, हसू नका.

रात्रभर सगळ्यांनी सर, ठेकेदार, बिल, यांवर चर्चा केली. मला मूळ पोस्टमधला एकच परिच्छेद अस्वस्थ करतोय, तो उलट्या गणिताचा. ताई, '३१.१ हवेत तर भार ७००' हे उलटं गणित तू त्या दिवशी पहिल्यांदा केलंस का?

खरं सांग. पहिल्या वर्षापासून तुमच्या जर्नलमध्ये काय असतं ते मी रोज तपासतो. गुरुत्वत्वरण बरोबर ९.८१ येतं. बेंडिंगच्या प्रयोगात पोलादाचा यंग्ज मोड्युलस (ताठरपणाचं माप) २०० आणि २१० गिगापास्कलच्या मध्ये. सगळ्या बॅचचं. लॅबमधला डायल गेज (वाकण मोजायचं उपकरण) दोन वर्षं अडकतोय, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि मी सही करतो. तुमच्या सरांनी ज्या सहजतेनं सांगितलं त्याच सहजतेनं मी 'रीडिंग्ज नीट करून आणा' असं म्हणालोय. शब्द बघा माझा. नीट करून.

वजनाचा रकाना भरायला, १५ टक्क्यांची मर्यादा पाळायला तुला साइटवर कुणी शिकवलं नाही. तू तयार होऊनच गेली होतीस.


साइटवरची | सकाळी १०:१०

सर, हे थोडं जास्त होतंय असं वाटतं. जर्नलमुळे कुणाचा जीव जात नाही. प्रयोग कसा करायचा हे कळणं महत्त्वाचं असतं, आकडा नाही. आणि सगळेच करतात.


लॅब_असिस्टंट | सकाळी १०:१६

'सगळेच करतात' हे वर निडल_व्हायब्रेटर यांनीही लिहिलंय.


निडल_व्हायब्रेटर | सकाळी १०:२०

सर, मला कशाला मध्ये ओढताय?

(मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा. माझ्या सर्व्हेइंगच्या जर्नलमध्ये ट्रॅव्हर्सची क्लोजिंग एरर (मोजत फिरून सुरुवातीच्या बिंदूला परत आल्यावर उरणारी चूक) शून्य होती. शून्य! आजवर प्रत्यक्ष साइटवर एकदाही आलेली नाही.)


चहा_बिस्किट | सकाळी १०:५२

ताई, नेतृत्वाचं राहिलंच की. आठवण करून देतोय, दहा गुण अजून माझ्या खिशात आहेत.


साइटवरची | दुपारी १:३०

बरं, नेतृत्व.

मे महिना, रात्रीचा स्लॅब. सीनियर सरांच्या घरी अडचण आली आणि ते आठला निघाले. 'शेवटची गाडी राहिलीय, ओतून घे' म्हणाले. साइटवर इंजिनीअर म्हणावं असं माझ्याशिवाय कुणी नाही. हाताखाली पंचवीस माणसं, त्यांतली निम्मी बंगालातल्या मालद्याची, निम्मी नांदेड-लातूरकडची.

शेवटची गाडी आली १०:३५ ला. चलनावर भरल्याची वेळ ७:५०. ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत ओतायचं असतं हे पाठ होतं. स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) घेतला, १२० मिमी हवा होता, आला ६०. मुकादम म्हणाला, "मॅडम, एक ड्रम पानी मार देते हैं, चल जाएगा." ड्रायव्हरच्या हातात पाइप होताच.

मी ओरडले. सगळ्यांसमोर. मी बोल रही हूँ ना, नहीं मतलब नहीं, वगैरे. आवाज चिरका झाला. मुकादमानं काही उत्तर दिलं नाही. फावडं ठेवलं, कठड्यावर बसला आणि तंबाखू मळायला लागला. त्याच्यामागोमाग पंचवीसच्या पंचवीस खाली बसले. व्हायब्रेटरवाल्यानं मशीन बंद केलं. एवढी शांतता मी साइटवर कधी ऐकली नव्हती.

सरांचा फोन लागेना. गाडी परत पाठवली. आणि मग लक्षात आलं की आपण नियम पाळला, शाबास, पण आधी ओतलेलं काँक्रीट मिनिटामिनिटाला घट्ट होतंय, पुढची गाडी दोन तासांशिवाय येणार नाही, आणि या स्लॅबला कुठं थांबवायचं हे मला ठाऊक नाही. पुस्तकात वाचलं होतं. समोर सळया आणि अंधार असताना ते आठवत नाही.

वीस मिनिटांनी मुकादमाजवळ जाऊन बसले. म्हटलं, "भैया, अब क्या करें?"

तो लगेच उठला. जणू त्याचीच वाट बघत होता. हातानं दाखवलं, बीमच्या तोंडाशी थांबवायचं नाही, गाळ्याच्या मधल्या भागात इथं फळी लावायची, फळीला सळयांसाठी खाचा पाडून, काँक्रीटची कड उभी ठेवायची, उतरती सोडायची नाही. उद्या टाचून, धुऊन, स्लरी मारून पुढचं. अर्ध्या तासात फळ्या लागल्या. तोवर सरांचा फोन लागला, त्यांनी जागा विचारली आणि म्हणाले, बरोबर आहे, असंच कर. मी 'हो सर' म्हटलं, जणू मीच ठरवलं होतं. मग थांबून सांगितलं की मुकादमानं ठरवलंय.

जाताना तो म्हणाला, "मॅडम, पानी का आप सही थे. लेकिन चिल्लाना था तो बाजू में बुला के चिल्लाते."

एवढंच. माझ्या अहवालात यावर दीड पान आहे आणि त्यात मुकादम नाही. 'संघाशी सुसंवाद साधून तोडगा काढला' असं वाक्य आहे.


निडल_व्हायब्रेटर | दुपारी १:५५

वा! पाणी मारू दिलं नाहीस हे सगळ्यात भारी. एक तांत्रिक दुरुस्ती : गाडी परत पाठवण्याआधी प्लांटच्या क्यूसीला फोन करायचा. मिश्रणात रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) असेल तर वेळ वाढवून मिळते, आणि स्लंप परत आणायला ते स्वतः अ‍ॅडमिक्स्चरचा डोस सांगतात. पाणी नाही, डोस. पुढच्या वेळी नंबर खिशात ठेव.


मुकादमाचा_पोर | दुपारी ३:४०

माझे वडील सेंट्रिंगचे मुकादम होते. मी आयटीत आहे. धागा काल रात्रीपासून वाचतोय, लिहू का नको करत होतो.

सगळे क्यूब कुठं गेले यावर बोलताय. ते तिथं का गेले यावर कुणीच नाही. बाईला तीन दगड हवे होते. साइटवर दगड नाहीत, विटा मोजलेल्या असतात, उचलल्या की वॉचमन ओरडतो. फुटक्या कोरड्या टाकीत नऊ सारखे ठोकळे पडले होते, तिला ते टाकाऊ वाटले. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) कलम ३४ होतं. तात्पुरती राहण्याची सोय मोफत, आणि त्यात स्वयंपाकाची वेगळी जागा हवी, न्हाणी हवी, संडास हवा. तुमच्या त्या साइटवर स्वयंपाकाची जागा असती तर तुमचे क्यूब टाकीतच राहिले असते.

मी अशाच पत्र्याच्या खोलीत दहावी केलीय. उन्हाळ्यात आई खोलीबाहेर स्वयंपाक करायची कारण आत श्वास घेता यायचा नाही. साइटवरचे इंजिनीअर कॅम्पात यायचे ते फक्त माणसं बोलवायला.

ताई, राग मानू नका. तुम्ही चुली मोजल्या, नऊ क्यूब मोजले. भात किती जणांचा होता?


साइटवरची | सायंकाळी ६:२०

राग नाही आला. उत्तर माहीत नाही. विचारलं नव्हतं.

काँक्रीट तापलं की टवके उडतात, अंगावर येतील, म्हणून त्या बाईला विटा आणून दिल्या होत्या, वॉचमनशी भांडून. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार चांगलं काहीतरी करतेय. खरं म्हणजे मला माझे क्यूब परत हवे होते.

कलम ३४ आत्ता वाचलं. आमच्या अभ्यासक्रमात 'कामगार कायदे' नावाचं एक युनिट होतं, परीक्षेला ऐच्छिक म्हणून सोडलेलं.


जुना_ओव्हरसियर | सायंकाळी ६:५०

धागा भलताच चांगला चाललाय. एक सावधगिरीचं सांगतो, उद्या ही मुलगी मोठ्या कामावर जाईल म्हणून. २००२ मध्ये सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्यानं सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला पत्रानं कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं.

घाबरवत नाही. तुझ्या साइटवर 'समाधानकारक' वर भागलं, सगळीकडे भागत नाही. तक्रार करायची ती लेखी, तारखेसह, प्रत आपल्याकडे ठेवून, आणि शक्यतो एकटीनं नाही.


टिक_मार्क | रात्री ८:१५

काकांशी सहमत. आणि मुकादमाचा_पोर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. स्वतंत्र धागा काढा यावर.


साइटवरची | रात्री १०:४०

लॅब_असिस्टंट सर, सकाळी तुम्हाला तिरकं उत्तर दिलं. दिवसभर डोक्यात होतं.

दुपारी कपाटातून पहिल्या वर्षाचं जर्नल काढलं. सिंपल पेंड्युलम. पाच वाचनं, ९.७९, ९.८२, ९.८०, ९.८३, ९.८१. सरासरी ९.८१. खाली तिरक्या सुबक अक्षरात 'निष्कर्ष'. मला तो दिवस नीट आठवतो. आमचा दोरा निसटत होता, दोनच वाचनं झाली आणि तास संपला. बाकीची तीन मी बसमध्ये लिहिली. जरा वरखाली ठेवून.

अहवाल अजून दिलेला नाही, परवा शेवटची तारीख. नेतृत्वाच्या भागात मुकादमाला घालतेय. क्यूबचं घालावं का ठरत नाही. कंपनीचं नाव येतं, सरांचं येतं.


लॅब_असिस्टंट | रात्री ११:०५

नावं काढून स्वतःचं तेवढं घाल. तुझे नऊ आकडे तुझे आहेत, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

मी आज डायल गेजसाठी स्टोअरला मागणीपत्र दिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. स्टोअरवाला विचारत होता, अचानक काय झालं?


साइटवरची | आठ दिवसांनी, रात्री ९:००

अहवाल दिला. दोन्ही घातलं. गुण अजून कळले नाहीत.

दुसरी गंमत सांगायला आले. आज काँक्रीट टेक्नॉलॉजीची लॅब होती, आमच्या बॅचनं स्वतः भरलेले क्यूब फोडले. एम-२० चे. तिसरा १३.९ वर फुटला, बाकीचे दोन २२ च्या पुढे. भरताना त्यात रॉड नीट मारला (काँक्रीट ठासून बसवलं) नसणार, कोपऱ्यात मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसत होत्या. बॅचमधली मुलं म्हणाली, २१ लिही, सबमिशन आहे. मी १३.९ लिहिलं आणि पोळ्याचा फोटो चिकटवला. सगळी बॅच माझ्यावर खवळलीय.


चहा_बिस्किट | रात्री ९:०४

सही झाली का?


साइटवरची | रात्री ९:०७

नाही. लाल शाईत 'रिपीट' लिहून आलंय. १३.९ सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब आहे, नमुनाच बाद. शुक्रवारी पुन्हा भरायचे. या वेळी रॉड मी मारणार.